पॅकिंगच्या तीन पट्ट्या

"ए बाई, लांब हो! आंघोळ तरी करून आलीस का?"

मालक ओरडले तेव्हा माझा हात मशीनपासून वीतभर लांब होता. हातात पत्र्याच्या तीन पट्ट्या होत्या. एक लांब, एक मध्यम, एक आखूड. ग्रीसनं काळ्या झालेल्या. मी त्या केरातून उचलून आणल्या होत्या. झेंडूची देठं, रंगाचे रिकामे डबे, नारळाच्या शेंड्या, आणि त्यात माझ्या पट्ट्या.

खंडेनवमीचा दिवस होता. धाराशिवच्या आमच्या वर्कशॉपात लोखंडी कपाटं बनतात. नवमीला हत्यारं पुजायची, त्या दिवशी चालवायची नाहीत, आणि दसऱ्याला मुहूर्ताचा पहिला पत्रा वाकवायचा, अशी तिथली रीत. बेंडिंग मशीनला हिरवा रंग दिला होता. त्याला हार घातला होता. मालकाची बायको मशीनला हळदीकुंकू लावत होती. म्हणजे बाईमाणसाचा हात चालत होता. फक्त माझा चालत नव्हता.

मी पहाटे उठून डोक्यावरून आंघोळ केली होती. ठेवणीतलं लुगडं नेसले होते. आंघोळ केली का, याचं उत्तर माणूस काय देणार? हो म्हटलं तरी मेलेच की.

"मालक, ह्या मशीनच्या पट्ट्या हायत," मी म्हणाले. "खालच्या ठोकळ्याखाली घालाव्या लागत्यात. कुणीतरी काढून टाकल्यात."

"मीच काढायला लावल्या," मालकाचा पुतण्या म्हणाला. तो पुण्याला शिकून आलेला इंजिनियर. हातात मोबाईल, शूटिंग चाललेलं. "भंगार अडकलं होतं सगळं. ते घेऊन मागं जा ना, फ्रेममध्ये येतंय."

"पालातली माणसं," मालकाची बायको हळूच म्हणाली. हळूच म्हणाली, पण मला ऐकू येईल इतकीच हळू.

सगळे हसले. ज्यांच्याबरोबर मी रोज भाकरी खाते तेही हसले. मी पट्ट्या पदराखाली धरून मागं सरकले. लांबून पाया पडले. कशाच्या पाया पडले ते आजही कळत नाही.

आता सांगते, मी कोण.

मी घिसाड्याची. आमचे लोक गावोगाव फिरून लोखंड तापवायचे, खुरपी, विळे, कुऱ्हाडी करायचे. माझा बाप भाता ओढायचा आणि सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा. घण मारायची माझी माय. आमच्यात घण बाईच मारते. लोक म्हणतात, बाईच्या अंगात ताकद कमी. त्यांनी भूम तालुक्यातल्या ईटच्या बाजारात माझ्या मायला बघायला हवं होतं. पोटात मूल आणि हातात घण. शेतकरी बाजूला उभे राहून बघायचे. काही घणाकडं बघायचे, काही दुसरीकडंच. माय पदर खोचायची आणि बघणाऱ्याच्या तोंडावर ठिणग्या उडतील असा एक घाव घालायची.

शाळेत मी चार वर्षं होते, ती पण तीन गावांत मिळून. एकदा माझ्या वहीत शाई सांडली. गुरुजी म्हणाले, "कसली ही घिसाडघाई!" सगळा वर्ग माझ्याकडं बघून हसला. मला कळेना, गुरुजींना माझी जात कशी माहीत. घरी येऊन मायला विचारलं. ती म्हणाली, "तसा शबुदच हाय लोकांचा." म्हणजे ज्यांनी तापल्या लोखंडावर वेळ बघून घाव घातला, एक घाव चुकला तर बोट जाईल असं काम पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांच्या नावानं लोकांनी गबाळ्या कामाला शब्द केला. तो शब्द शिकलेली माणसंसुद्धा वापरतात. पेपरात छापतात. कुणाला काही वाटत नाही.

बाप गेला. बाजारात तयार विळे आले, मग भाता थंडच पडला. धाराशिवला आम्ही एका कडेला पत्र्याची खोली बांधून राहिलो. मला वर्कशॉपात काम मिळालं पुसायचं. कपाटाला रंग मारण्याआधी पत्र्यावरचं तेल चिंधीनं पुसायचं. सगळ्या बाया तेच करतात. मशीनवर बाई नसते. कुणी तसा नियम केलेला नाही, पण नसते.

मी पुसत होते आणि बघत होते. मला लोखंड कळतं. आगीतलं कळतं, मग थंड का कळू नये?

बेंडिंग मशीन म्हणजे वरून एक लांब पातं खाली येतं. खाली ओतीव लोखंडाचा लांब ठोकळा, त्यात पन्हाळीसारखी खाच. मधे पत्रा ठेवायचा, पायाखालचा खटका दाबायचा, पातं पत्र्याला खाचेत दाबतं, पत्रा वाकतो. दिसायला सोपं आहे. पण पत्रा वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणते, आतली बाजू दबते, आणि पातं वर गेलं की पत्रा थोडा मागं येतो. कुठल्याही लोखंडाचा हा स्वभाव आहे. म्हणून काटकोन हवा असेल तर काटकोनाच्या जरा पुढं न्यावं लागतं. किती पुढं, ते पत्र्यावर. पातळ पत्रा जास्त मागं येतो. कडक पत्रा त्याहून जास्त. हे मला कुणी शिकवलं नाही. विळ्याला बाक देताना माय नेहमी जरा जास्तच वाकवायची.

त्या मशीनचं खरं दुखणं वेगळं होतं. मालकानं ते जुनं विकत आणलेलं. लहान पत्रा झकास वाकवायचं. पण कपाटाच्या दाराचा साडेसहा फुटी पत्रा घातला की दोन्ही टोकं नीट वाकायची आणि मधला भाग उघडा राहायचा. दाराचं मधे पोट सुटल्यासारखं व्हायचं. दार लावलं की मधून बोट जायचं. मग दोन माणसं लाकडी हातोड्यानं ठोकत बसायची. पत्र्यावर डाग पडायचे. मशीन चालवणारा सोडून गेला. दुसरा आला, तोही सोडून गेला. पुतण्या तेव्हा पुण्यातच होता. फोनवर सांगायचा, दाब वाढवा. दाब वाढवला की टोकं जास्त वाकायची आणि मधलं पोट होतं तसंच.

मी वेल्डरचाचांना म्हणाले, "चाचा, मशीनच मधे वाकतंय." चाचा वर्कशॉपातले सगळ्यात जुने. एवढ्या लोकांत माझ्याशी नीट बोलणारे ते एकटेच. ते म्हणाले, "एवढं जाड लोखंड वाकतंय होय, बेटी?"

वाकतं. लांब असलं की कितीही जाड लोखंड मधे वाकतं. वखराची पास तुम्ही बघितली असेल, जमिनीत चालणारी लांब पट्टी. ती वाकडी झाली की आमच्याकडं सरळ करायला यायची. माय ती ऐरणीवर ठेवायची, आणि घाव घालण्याआधी मधे खाली लोखंडाची एक चपटी चीप सरकवायची. नाहीतर घाव टोकाला बसतो आणि मधे पोकळ जातो. मी लहान होते तेव्हा ती चीप सरकवायचं काम माझं होतं.

एका दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी कात्रणातून तीन पट्ट्या कापल्या. चाचांनी खालचा ठोकळा ढिला करून दिला. मी ठोकळ्याखाली मधोमध पट्ट्या घातल्या. तळाला लांब, तिच्यावर मध्यम, वर आखूड. म्हणजे मधे सगळ्यात उंच आणि दोन्हीकडं उतरत गेलेलं. कारखान्यात याला पॅकिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. ठोकळा आवळला. साडेसहा फुटी पत्रा घातला. चाचांनी खटका दाबला. मी काटकोन तपासायचा गुण्या लावला. या टोकाला काटकोन. त्या टोकाला काटकोन. मधे काटकोन.

चाचांनी दुसरा पत्रा आणला.

त्या दिवसापासून मशीनवर मी. मालकाचं त्यात काही जात नव्हतं, काम नीट होत होतं. मग मी मागच्या बाजूला अडसर बसवला, म्हणजे दर पत्र्यावर पेन्सिलीनं खूण करायला नको, पत्रा अडसराला टेकवला की माप आलंच. पायाच्या खटक्यावर टोपण केलं, चुकून पाय पडून कुणाची बोटं जाऊ नयेत म्हणून. माझी बोटं मला प्यारी आहेत. दोन वर्षं त्या मशीननं एक दार ठोकायला लावलं नाही. गिऱ्हाईक आलं की मालक मला म्हणायचे, "जरा आत जा." मी आत जायचे. चाचा पेडलवर उभे राहायचे. गिऱ्हाईक गेलं की मी परत यायचे. मी ते दोन वर्षं केलं. कुणी मारून करायला लावलं नाही, मीच गेले आत. हे लिहिताना मला मालकापेक्षा माझीच चीड येते.

मग पुतण्या परत आला. त्यानं मशीन बघितलं, अडसर बघितला, मला चार प्रश्न विचारले, मी मूर्खासारखी सगळी उत्तरं दिली. पट्ट्यांबद्दल त्यानं विचारलं नाही. ठोकळ्याखाली वाकून बघायला कपडे मळतात. महिन्याभरात वर्कशॉपच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला. "सुधारित बेंडिंग मशीन. आमचं स्वतःचं संशोधन." खाली पुतण्याचा फोटो, हाताची घडी घातलेला. शेजारी माझा अडसर, जवळून काढलेला. दसऱ्याला मुहूर्ताचा पत्रा बघायला जिल्ह्यातले एक बडे साहेब येणार, असं ठरलं.

आणि मशीनला रंग देताना पुतण्यानं ठोकळा उचलायला लावून माझ्या पट्ट्या केरात टाकल्या. स्वतःचं संशोधन होतं ना. मग आपल्याच संशोधनाचं पोट कुठं असतं ते त्याला माहीत असायला नको?

दसऱ्याला मी गेले. रस्त्यानं पुनवेसाठी तुळजापूरला पायी निघालेली माणसं अनवाणी चालत होती. पट्ट्या माझ्या पिशवीत होत्या. मला वाटलं होतं, कुणी नसताना घालून टाकू. हो, आंघोळ विचारलेल्या त्याच मालकाच्या मशीनमध्ये. एवढी मी वाकलेली होते. पण साहेब आधीच आले होते. खुर्च्या मांडल्या होत्या. आम्हा बायांना रंगाच्या खोलीच्या दारात उभं केलं होतं.

पुतण्यानं स्वतः पत्रा लावला. साडेसहा फुटी. फोटोसाठी हसला. खटका दाबला. पातं खाली गेलं, वर आलं. त्यानं वाकवलेला पत्रा उचलून टेबलावरच्या कपाटाच्या चौकटीला लावला.

मधे बोट जात होतं. साहेबांनी बोट घालून दाखवलं.

पुतण्यानं दुसरा पत्रा घेतला. तसाच. तिसऱ्याला त्यानं दाब वाढवला, तर टोकं जास्त वाकली आणि मधे अजून फट. साहेब खुर्चीत मागं टेकले. पुतण्यानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याला मी दिसले.

"ही बाई काल मशीनशी काहीतरी करत होती," तो म्हणाला. "पूजेच्या वेळी. हातात पत्र्याचे तुकडे होते हिच्या. व्हिडिओ आहे माझ्याकडं. साहेब, कितीही शिकवा, ह्या लोकांची घिसाडघाई जात नाही."

त्यानं खरंच मोबाईल काढला. व्हिडिओत मी होते. हात पुढं केलेला, पट्ट्या धरलेल्या. मालकांचा आवाज येत होता. आंघोळ तरी करून आलीस का. साहेबांनी तो ऐकला आणि दुसरीकडं बघितलं.

मालक माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून बोलले. "हे बघ, हात जोड. साहेबांना म्हण, माझ्याकडनं झालं. विषय संपला. उद्यापासनं तू मशीनवर हायसच."

मला ते नीट कळलं. चूक माझ्या नावावर घ्यायची, काम त्यांच्या नावावर राहणार, आणि त्या बदल्यात मला मशीनजवळ उभं राहू देणार. जे माझंच होतं ते मला परत मिळणार, हात जोडले तर.

"बेटी, बोल दे ना," चाचा मागून म्हणाले. "कायकू वाढवायचं?"

मी पुढं गेले. टेबलापर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर आतून बाहेर आले. पिशवीतून पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. माझा आवाज कापला नाही, त्याचं मलाच नवल वाटलं.

"साहेब, म्या काय केलं न्हाय. ह्या पट्ट्या ठोकळ्याखाली हुत्या, म्या कापलेल्या. ह्यांनी भंगार म्हणून काढल्या. काल म्या घालाय आले तर मला हाकललं. कसं हाकललं ते तुमी आत्ताच ऐकलं."

साहेब म्हणाले, "बरं, मग घालून दाखव की. बघू तरी."

सगळे माझ्याकडं बघत होते. पुतण्याच्या तोंडावर सुटका दिसली. मालक तर चटकन बाजूला झाले, मला वाट करून दिली. घालायला किती वेळ लागला असता? जेवायच्या सुट्टीत झालेलं काम ते. माझ्या हातांना सवय होती. हात पुढं जायला बघत होते. मला आतून वाटत होतं, दाखव, एकदा दाखव, सगळ्यांची तोंडं बंद होतील. मग डोळ्यांपुढं आलं, पुढं काय होणार. पत्रा नीट येणार. टाळ्या पडणार. फोटो पुतण्याचा निघणार. आणि मला म्हणणार, जरा आत जा.

"न्हाय," मी म्हणाले.

"काय?"

"आधी ह्यांनी सांगायचं. हितंच, तुमच्यासमोर. मशीन कुणी नीट केलं. मग घालते."

मालकांनी पुतण्याकडं बघितलं, पुतण्यानं मोबाईलकडं. मी चाचांकडं बघितलं. पहिला खटका त्यांनीच दाबला होता. त्यांना सगळं माहीत होतं. चाचांनी मान खाली घातली. मी त्यांना समजून घेऊ शकते, माफ नाही करू शकत.

"निघ," मालक म्हणाले. "चल निघ हितनं. पालातली पालातच जायची."

"जाते. ह्या माझ्या हायत." मी पट्ट्या उचलल्या आणि पुढच्या दारानं, फ्लेक्सखालून बाहेर पडले.

घरी मायला सांगितलं. मला वाटलं, ती पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "जोडायचं हुतंस की गं हात. म्या जल्मभर जोडले. काय झिजले का?"

"झिजले की, माय," मी ओरडले. "तुजे बी झिजले न् माजे बी!" मायवर मी कधी ओरडले नव्हते. तिचा उजवा खांदा आता वर जात नाही. वेणी मी घालून देते. त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाला सोनं दिलं नाही.

त्यानंतर मी चार वर्कशॉपं हिंडले. सगळीकडं एकच, "पुसायला ये." एकजण म्हणाला, मशीनवर ठेवतो, पण कुणी बघायला आलं की बाजूला व्हायचं. मी उठून आले. सध्या मी शेजारच्या गॅरेजवाल्याकडं पन्हाळी आणि पेट्या हातानं वाकवून देते, दोन अँगल आणि एक जॅक घेऊन. काम धिमं चालतं. हाल आहेत, नाही असं नाही. कधी रात्री झोप येत नाही आणि वाटतं, जोडले असते हात तर काय बिघडलं असतं? सकाळी उठून तेच हात बघते. बरं झालं नाही जोडले.

परवा चाचा आले. बसले. चहा घेतला. पुतण्यानं नव्या पट्ट्या कापून घालून बघितल्या म्हणे, पाच वेळा. एकदा मधे टेकाड आलं, एकदा ठोकळाच तडकला, तो बदलावा लागला. आता परत दोन माणसं लाकडी हातोडे घेऊन दारं ठोकतात. फ्लेक्स तसाच आहे.

"मालक म्हणतात, ये," चाचा म्हणाले. "झालं गेलं विसरून जा. मशीनवरच ठेवतात. निस्तं पट्ट्या किती जाडीच्या, कशा घालायच्या, तेवढं लिहून दे म्हणतात."

"चाचा, तुमी काय म्हणलात त्यांना?"

"मी काय म्हणणार?"

"मग आता म्हणा. म्या सांगते तसं म्हणा. म्या आत जाणार न्हाय. गिऱ्हाईक येऊ दे, साहेब येऊ दे, मंत्री येऊ दे. पत्रा माज्या हातनं बिघडला तर म्याच सांगंन, म्या बिघडवला. नीट झाला तर ते बी म्याच सांगंन, त्यांच्या तोंडावर, मोठ्यांदा. हे सोसत असंल तर त्यांनी सोता हितं यावं, माज्या दारात, आन् विचारावं. लिहून मिळणार न्हाय. ज्याला शिकायचं त्यानं माज्या हाताखाली हुबं ऱ्हायचं."

चाचांनी कप खाली ठेवला. "एवढं सगळं सांगू?"

"सगळं. एक शबुद कमी करू नका."